परवलीचा शब्द विसरला तर

नर्मदेच्या काठी वसलेल्या जबलपूर शहराचा गुप्त शब्दांशी असलेला संबंध जुना आहे. ठगांच्या टोळ्यांतील माणसे परक्यांच्या देखत आपसात जी सांकेतिक बोली बोलत, तिचा कोश या भागात अधिकारपदावर असलेल्या विल्यम स्लीमन याने माफीच्या साक्षीदारांच्या तोंडून शब्द ऐकून सिद्ध केला, आणि तो १८३६ साली कलकत्त्यास छापला गेला. शब्द उघड झाले, आणि त्याबरोबर टोळ्यांचे एक मोठे संरक्षण नाहीसे झाले. पुढे याच शहरात लष्कराच्या सिग्नल दलाचे प्रशिक्षण केंद्र नांदू लागले. १९४२ साली दूरसंचाराचे शिक्षण देणारे केंद्र निघाले आणि १९४७ साली सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. गुप्त शब्दाच्या बाबतीत या सर्वांपुढे प्रश्न एकच होता : आपला शब्द परक्याच्या कानी कसा पडू द्यावयाचा नाही?

आज घरोघरी पडणारा प्रश्न याच्या नेमका उलटा आहे. शब्द ज्याचा, त्यालाच तो आठवत नाही. राइट टाउन भागातील एखाद्या मराठी घराची कल्पना करावी. दूरसंचार खात्यातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी सात-आठ वर्षे खपून आपल्या घराण्याचा इतिहास लॅपटॉपवर लिहीत आणला आहे. पूर्वजांची पत्रे, त्यांची छायाचित्रे, वंशवृक्ष, सारे त्यातच आहे. मध्यंतरी दोन महिने ते नागपुरास मुलीकडे राहून आले. परतल्यावर यंत्र सुरू केले, तो पडद्यावर एकच चौकट उमटली : परवलीचा शब्द द्या. त्यांनी एक शब्द दिला, दुसरा दिला, तिसरा दिला. यंत्राने तिन्ही नाकारले.

अशा वेळी मनुष्य दोनपैकी एक चूक करतो. तो एक तर सर्व गेले असे समजून हातपाय गाळतो, किंवा कोणी तरी कुशल माणूस तो शब्द यंत्रातून काढून देईल या आशेने त्या माणसाच्या शोधात निघतो. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत, आणि त्या का चुकीच्या आहेत हे समजण्यासाठी यंत्राच्या आतील रचना थोडीशी जाणून घेतली पाहिजे.

एक दार नव्हे, चार दारे

लॅपटॉप सुरू होताना परवलीचा शब्द विचारतो असे आपण सरसकट म्हणतो. वस्तुतः तो शब्द विचारणारी ठिकाणे चार आहेत, आणि त्यांचा पहारा निरनिराळ्या वस्तूंवर असतो. जुन्या वाड्याला दिंडी दरवाजा असतो, आत माजघराचे दार असते, त्याच्या आत तिजोरी असते. एकाची किल्ली दुसऱ्यास लागत नाही. तोच प्रकार येथे आहे.

पहिले दार यंत्राच्या मूळ आज्ञावलीचे. हिला ‘बायॉस’ आणि तिच्या नव्या रूपास ‘यूईएफआय’ असे म्हणतात. कळ दाबताच सर्वप्रथम हीच जागी होते व यंत्राचे सर्व अवयव ठिकाणावर आहेत की नाहीत हे तपासते. हिच्यापाशी दोन शब्द असू शकतात : एक केवळ यंत्र सुरू करण्यापुरता, आणि दुसरा त्याच्या मूळ मांडणीत फेरबदल करण्याचा अधिकार देणारा. दुसरा ठाऊक असल्यास पहिला काढून टाकता येतो.

दुसरे दार खुद्द साठवणीच्या तबकडीचे, म्हणजे हार्ड डिस्कचे. येथे परवलीचा शब्द तबकडीच्या स्वतःच्या मंडलात नोंदलेला असतो. त्यामुळे ती काढून दुसऱ्या यंत्रात बसवली तरी कुलूप तिच्याबरोबर जाते.

तिसरे दार सांकेतिक लेखनाचे. येथे माहितीच्या पुढे कोणी पहारेकरी उभा केलेला नसून, माहितीच अशा रीतीने उलथीपालथी करून लिहिलेली असते की किल्लीवाचून ती निव्वळ अर्थहीन अंकांची रास दिसावी. विंडोज प्रणालीत या सोयीस ‘बिटलॉकर’ म्हणतात, ॲपलच्या यंत्रांत ‘फाइलव्हॉल्ट’.

चौथे दार वापरणाऱ्याच्या खात्याचे. पडद्यावर चित्र उमटते, मालकाचे नाव दिसते, आणि त्याखाली शब्दाची चौकट येते. बहुतेकांचा नित्य परिचय असतो तो एवढ्या या शेवटच्या दाराशीच.

तेव्हा शब्द आठवेनासा झाला की पहिले काम, आपण कोणत्या दाराशी उभे आहोत हे ओळखण्याचे. ओळखण्याची खूण सोपी आहे. मालकाचे नाव दिसत असेल, तर ते चौथे दार. निळ्या पडद्यावर अठ्ठेचाळीस अंकांची मागणी असेल, तर ते तिसरे. काळ्या किंवा करड्या पडद्यावर, कोणतेही चित्र येण्यापूर्वीच, नुसती चौकट असेल, तर पहिले किंवा दुसरे. आणि तेथे बहुधा हार्ड डिस्कचा उल्लेख आहे की नाही यावरून उरलेला निवाडा होतो. दाराचा हा निर्णय झाल्यावाचून केलेला प्रत्येक उपाय अंधारात मारलेला दगड होय.

पहिल्या दाराची कहाणी

हिरकणीची आख्यायिका मराठी वाचकास सांगावयास नको. सूर्यास्ताबरोबर रायगडाचे दरवाजे बंद झाले, दूध घालावयास आलेली गवळण आत अडकली, घरी तान्हे मूल; तेव्हा ती रात्रीच्या अंधारात कडा उतरून गेली, असे सांगतात. शिवाजी महाराजांनी तिचा गौरव केला. पण त्याबरोबर ज्या जागेवरून ती उतरली तेथे बुरूजही बांधला. कारण एका आईला जी वाट सापडली, ती उद्या शत्रूलाही सापडली असती. संगणकाच्या पहिल्या दाराचा इतिहास थेट असाच आहे.

१९८४ साली आयबीएम कंपनीने ‘पीसी एटी’ नावाचा संगणक विक्रीस काढला. त्याला पुढच्या अंगास खरेखुरे धातूचे कुलूप होते. त्याच्या पोटात घड्याळाची एक चिप होती, तिला जोडून ६४ बाइटची अल्पशी स्मृती होती, आणि यंत्र बंद असतानाही ती जिवंत राहावी म्हणून एक बॅटरी बसवलेली होती. पुढील काळातील अनेक यंत्रांत परवलीचा शब्द अशाच स्मृतीत ठेवण्यात येऊ लागला. त्यातून पळवाट निघाली : बॅटरी काढली, थोडा वेळ थांबले, की स्मृती कोरी होई आणि शब्दही पुसला जाई. काही निर्मात्यांनी दुरुस्तीच्या सोयीसाठी सर्व यंत्रांना चालेल असा एक राखीव शब्दही ठेवला होता. तो फुटला आणि कर्णोपकर्णी झाला.

मालकाच्या दृष्टीने ही सोयच होती. परंतु ती चोराचीही सोय होती. घरातील टेबलावरचा संगणक सहसा कोणी उचलून नेत नाही. लॅपटॉप मात्र आगगाडीच्या बाकावरून एका क्षणात नाहीसा होतो. म्हणून निर्मात्यांनी तेथे बुरूज बांधले. आजच्या पुष्कळ लॅपटॉपमध्ये पहिल्या दाराचा शब्द विजेवाचूनही टिकणाऱ्या चिपमध्ये कोरलेला असतो. बॅटरी काढून ठेवली तरी तो पुसला जात नाही. ‘नाण्याएवढी बॅटरी काढा, काम होईल’ हा सल्ला अद्यापि ऐकू येतो. पण तो पूर्वीच्या पिढीच्या यंत्रांचा आहे. नव्या यंत्राला तो लागू पडेलच असे नाही, उलट अननुभवी हातांनी आतील नाजूक जोडण्या तुटण्याचा संभव असतो.

मग या दाराशी करावे काय? यंत्राच्या निर्मात्याकडे किंवा त्याच्या अधिकृत सेवाकेंद्राकडे जावे. काही निर्माते खरेदीची पावती पाहून त्या यंत्रापुरता मोकळीकीचा संकेतांक देतात. काहींच्या बाबतीत मुख्य मंडलफलक, म्हणजे मदरबोर्ड, बदलण्यावाचून गत्यंतर नसते, आणि तो खर्च मोठा असतो.

येथे एक महत्त्वाचा भेद ध्यानात घेतला पाहिजे. पहिले दार यंत्राचे रक्षण करते, माहितीचे नव्हे. तबकडीवर स्वतंत्र कुलूप नसेल आणि तीवरील माहिती सांकेतिक लिपीत नसेल, तर ती तबकडी काढून दुसऱ्या संगणकास जोडली असता त्यातील लेखन जसेच्या तसे वाचता येते. काही नव्या यंत्रांत साठवणीच्या चिपा फलकालाच सांधलेल्या असतात, त्यांचा अपवाद. तेव्हा ‘यंत्र उघडत नाही’ आणि ‘माहिती गेली’ ही दोन विधाने समानार्थी नाहीत. राइट टाउनमधील त्या गृहस्थांनी दुरुस्तीकाराला ‘यंत्र चालू करून द्या’ असे सांगण्यापूर्वी ‘माझे लेखन आधी बाहेर काढता येईल काय?’ असे विचारावयास हवे. यंत्र बाजारात पुन्हा मिळते. पूर्वजांच्या पत्रांची दुसरी प्रत बाजारात मिळत नाही.

संगणकालाही शब्द ठाऊक नसतो

आता चौथ्या दाराकडे वळू. येथे सर्वसाधारण समजूत अशी, की संगणक आपला शब्द ओळखतो, त्या अर्थी तो त्याच्याजवळ कोठे तरी लिहून ठेवलेला असलाच पाहिजे. आणि लिहिलेला असेल तर जाणकाराला तो वाचता येईल. प्रारंभी तसेच होते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविज्ञान संस्थेत फर्नांडो कोर्बाटो यांच्या मार्गदर्शनाखाली १९६१ साली एक प्रणाली दाखवण्यात आली, जिच्यायोगे अनेकांना एकच संगणक एकाच वेळी वापरता येई. प्रत्येकाची कागदपत्रे वेगळी राहावीत म्हणून प्रत्येकाला परवलीचा शब्द दिला गेला, आणि सर्व शब्द एका यादीत जसेच्या तसे लिहून ठेवले गेले. १९६२ साली तेथील एका संशोधकाने, आपल्याला संगणकाचा अधिक वेळ मिळावा म्हणून, ती यादीच छापून घेतली. १९६६ साली तर एका चुकीमुळे दिवसाच्या सूचनेच्या जागी ती यादी आली आणि जो जो संगणकाशी बसला त्याच्यापुढे सर्वांचे शब्द उमटले.

या फजितीवरचा उपाय इंग्लंडमधील केंब्रिज येथे रॉजर नीडहॅम यांनी १९६७ च्या सुमारास योजला. तो असा : शब्द मुळी लिहूनच ठेवावयाचा नाही. त्याच्यावर एक गणिती क्रिया करावयाची आणि तिचे फलित तेवढे ठेवावयाचे. ही क्रिया एकदिश असते. जात्यात गहू घातला तर पीठ मिळते, पण पीठ घातले म्हणून गहू मिळत नाही. किंवा घड्याळाचे उदाहरण घ्यावे. काटा तीनवर आहे एवढे पाहून, तो निघाल्यापासून तीन तास लोटले, की पंधरा, की सत्तावीस, हे सांगता येत नाही. आपण शब्द टंकित करतो तेव्हा संगणक त्याचे तेथल्या तेथे पीठ करतो आणि ते ठेवलेल्या पिठाशी जुळते की नाही एवढेच पाहतो. जुळले तर दार उघडते. मूळ शब्द त्याला त्या क्षणापूर्वी ठाऊक नसतो, आणि त्यानंतर तो जपूनही ठेवत नाही.

तरीही एक वाट उरली : संभाव्य शब्द एकेक घेऊन त्यांचे पीठ करून पाहणे. रॉबर्ट मॉरिस आणि केन टॉम्सन या अमेरिकी संशोधकांनी १९७९ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांनी गोळा केलेल्या ३,२८९ शब्दांपैकी २,८३१, म्हणजे शंभरांत ८६, अशा शोधाने हाती लागण्याजोगे होते. कारण लोकांनी फार तोकडे किंवा शब्दकोशात आढळणारे शब्द निवडले होते. यावर त्यांनी सुचवले, की दळण्यापूर्वी प्रत्येक शब्दात काही यदृच्छ अंक मिसळावेत, म्हणजे दोघांचा शब्द एकच असला तरी पीठ निराळे होईल. या मिसळणीला त्यांनी मीठ हेच नाव दिले, आणि ते आजही रूढ आहे.

या साऱ्याचे तात्पर्य असे, की विसरलेला शब्द परत मिळत नाही. मिळतो तो नवा शब्द ठेवण्याचा अधिकार. खाते इंटरनेटवरील मायक्रोसॉफ्ट किंवा ॲपलच्या खात्याशी जोडलेले असेल, तर दुसऱ्या कोणत्याही मोबाइलवरून, नोंदलेल्या दूरध्वनी क्रमांकावर आलेला संकेतांक देऊन, नवा शब्द ठेवता येतो. खाते केवळ त्या यंत्रापुरते असेल, तर पूर्वी भरून ठेवलेल्या गुप्त प्रश्नोत्तरांचा किंवा आधी तयार केलेल्या विशेष पेनड्राइव्हचा उपयोग होतो. मात्र या सर्व सोयींत एक समान धागा आहे : त्या विस्मरणाच्या आधी करून ठेवाव्या लागतात.

अठ्ठेचाळीस अंक

चारही दारांत तिसरे सर्वांत निर्दय, कारण तेथे प्रश्न अधिकाराचा नसून गणिताचा आहे. आठ लहान इंग्रजी अक्षरांचा शब्द घेतला तर त्याचे सुमारे २०,८८३ कोटी प्रकार होतात. ही संख्या प्रचंड वाटते. परंतु सेकंदाला शंभर कोटी शब्द तपासणाऱ्या यंत्राला त्या सर्वांसाठी साडेतीन मिनिटे पुरतात. बिटलॉकरची अठ्ठेचाळीस अंकी पुनःप्राप्ती-किल्ली घेतली तर हिशेब पालटतो. तीत सहा-सहा अंकांचे आठ गट असतात, आणि प्रत्येक गटास ११ ने निःशेष भाग जातो. त्यामुळे लिहिताना एखादा अंक चुकला तर यंत्राला तो गट चुकल्याचे तत्काळ कळते. हे बंधन धरूनही संभाव्य किल्ल्यांची संख्या ३४ वर ३७ शून्ये इतकी होते. मघाच्यापेक्षा शंभर कोटी पट वेगवान यंत्र आणले, तरी सर्व किल्ल्या तपासण्यास १० लाख कोटी वर्षे लागतील. विश्वाचे वय सुमारे १,३८० कोटी वर्षे आहे. येथे कुशल दुरुस्तीकाराचेही काही चालत नाही. किल्ली आहे किंवा नाही, एवढाच प्रश्न उरतो.

आणि ही किल्ली पुष्कळदा अशा माणसाकडे मागितली जाते, ज्याने आपण कुलूप लावल्याचे कधी ऐकलेही नसते. नव्या विंडोज लॅपटॉपांपैकी अनेकांत सांकेतिक लेखन पहिल्या मांडणीच्या वेळीच आपोआप सुरू होते. एरवी ते जाणवतही नाही, कारण फलकावरील एक सुरक्षा-चिप ओळखीचे यंत्र पाहून किल्ली स्वतःच पुरवते. पण तो फलकच बदलला तर चिपही बदलते, आणि तबकडी परक्या घरात आल्याप्रमाणे अठ्ठेचाळीस अंक मागू लागते. अर्थात पहिले दार उघडण्यासाठी फलक बदलून घेणारा मनुष्य तिसऱ्या दाराशी येऊन उभा राहतो. म्हणून फलक बदलण्यास संमती देण्यापूर्वी ती किल्ली हाताशी आहे याची खात्री करून घ्यावी.

ही किल्ली शोधावयाची कोठे? घरगुती यंत्रात ती बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात नोंदलेली असते व मोबाइलवरून पाहता येते. यंत्र कचेरीचे किंवा महाविद्यालयाचे असेल तर तेथील संगणक-विभागाकडे ती सापडण्याचा संभव असतो. पडद्यावर किल्लीची ओळख सांगणारा एक क्रमांकही असतो. अनेक किल्ल्या हाती असल्या तर त्यावरून योग्य ती निवडता येते.

या अंकांचे मोल साऱ्या जगाला १९ जुलै २०२४ या दिवशी कळले. क्राउडस्ट्राइक या अमेरिकी सुरक्षा-कंपनीने पाठवलेल्या एका सदोष सुधारणेमुळे जगभरचे सुमारे ८५ लाख विंडोज संगणक सुरू होईनासे झाले. भारतातील विमानतळांवर त्या दिवशी प्रवाशांना हाताने लिहिलेली प्रवेशपत्रे द्यावी लागली. दोष काढण्याची रीत साधी होती; पण जेथे तबकड्या सांकेतिक लिपीत होत्या, तेथे पुष्कळ वेळा प्रत्येक यंत्रापाशी जाऊन त्याची अठ्ठेचाळीस अंकी किल्ली टंकित करावी लागली. ज्यांनी किल्ल्यांची यादी वेगळ्या जागी नीट ठेवली होती त्यांचे काम पुढे सरकले. ज्यांची यादी बंद पडलेल्या संगणकातच होती, त्यांनी जणू तिजोरीची किल्ली तिजोरीत ठेवून दार ओढून घेतले होते.

विस्मरणाचा स्वभाव

शब्द विसरणाऱ्याला घरातील मंडळी हसतात. पण विस्मरण हा दोष नसून मनाचा नियम आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरगट स्वतः पाठ करून, ते किती काळाने किती विसरले जातात याची मोजणी केली आणि १८८५ साली ती प्रसिद्ध केली. विस्मरणाचा वेग आरंभी सर्वांत अधिक असतो व पुढे मंदावतो, असे त्यांना आढळले. नवा शब्द ठेवून लगेच गावाला जाणे म्हणजे त्या वेगाच्या ऐन तोंडी सापडणे होय. बोटाचा ठसा किंवा चेहरा दाखवून यंत्र उघडणाऱ्यांची अडचण आणखी निराळी. त्यांना मूळ अंक रोज द्यावे लागत नाहीत, म्हणून ते अंक मनातून हळूहळू नाहीसे होतात. आणि कधी तरी यंत्र नव्याने सुरू होताना नेमके तेच मागते.

तरी घाई करू नये. आठवण ही परिस्थितीशी बांधलेली असते. नेहमीच्या जागी, नेहमीच्या वेळी बसून, विचार न करता बोटांना चालू द्यावे. मनाला न आठवणारे शब्द बोटांना आठवतात असा पुष्कळांचा अनुभव आहे. सुचतील ते शब्द कागदावर मांडून एकेक क्रमाने द्यावेत, कारण काही यंत्रे ठरावीक चुकांनंतर काही काळ दार बंदच करतात. मोठ्या अक्षरांची कळ चुकून दाबलेली आहे काय, हे पाहावे.

जबलपूरसारख्या शहरात आणखी एक गोष्ट पाहावी लागते. तेथील मराठी घरांत एकाच कळफलकावर इंग्रजी, हिंदी आणि मराठी अशा तिन्ही भाषा लिहिल्या जातात. भाषा बदललेली असेल तर बोटे योग्य त्याच कळांवर पडूनही निराळीच अक्षरे उमटतात, आणि शब्द ठिपक्यांआड झाकलेला असल्यामुळे चूक दिसत नाही. चौथ्या दाराशी भाषेची खूण पडद्याच्या कोपऱ्यात असते; ती आधी पाहून घ्यावी. शब्द विसरला नसून नुसती लिपी बदलली होती, असे निघाले तर त्यासारखा आनंद नाही.

मालक कोण, हा प्रश्न

शब्द विसरलेला मालक आणि यंत्र चोरणारा चोर, दोघेही सेवाकेंद्रात येऊन एकच वाक्य बोलतात : शब्द आठवत नाही. दोघांतील भेद पावतीवाचून कळावयाचा कसा? बँकेतील लॉकरची किल्ली हरवली तर बँक ओळख पटवून घेते आणि मग ग्राहकाच्या देखत, त्याच्या खर्चाने, लॉकर फोडते. दुरुस्तीकाराने पावती व ओळखपत्र मागितले तर राग मानू नये. तो मालकाचेच रक्षण करीत असतो. जबलपूरच्या मढाताल भागात संगणकाची अनेक दुकाने आहेत. तेथे काय किंवा अन्यत्र काय, जो कारागीर काहीही न विचारता कोणाचेही यंत्र उघडून देतो, त्याच्या हाती आपले यंत्र न देणे बरे. शब्दाची मोडतोड करून देणाऱ्या फुकट आज्ञावल्यांपासूनही दूर राहावे. उघडण्याच्या मिषाने त्या बहुधा आणखी काही आत आणून ठेवतात. दुसऱ्याचा परवलीचा शब्द अप्रामाणिकपणे वापरणे हा माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० याच्या कलम ६६-क नुसार गुन्हा आहे, आणि त्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे.

वापरलेले यंत्र विकत घेणाऱ्याने तर विशेष सावध असावे. मध्य प्रदेश शासन बारावीत उत्तम गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्यांना लॅपटॉपसाठी २५,००० रुपये देते. २०२५ साली ९४ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांना ही रक्कम मिळाली. एवढ्या रकमेत चांगले यंत्र बसवावयाचे तर कित्येकांचे लक्ष वापरलेल्या यंत्रांकडे जाते. असे यंत्र घेताना पैसे देण्यापूर्वी ते पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावे, मूळ आज्ञावलीच्या मांडणीत शिरून पाहावे, आणि तेथे शब्द मागितला गेल्यास तो विक्रेत्याकडून आपल्या समक्ष काढून घ्यावा. पावतीवर यंत्राचा अनुक्रमांक लिहून घेण्यास विसरू नये.

एका पाकिटाचे मोल

उपाय तयारीत आहे, आणि ती तयारी अर्ध्या तासाची आहे. यंत्र नीट चालू आहे तोवरच त्याची पुनःप्राप्ती-किल्ली कागदावर उतरवावी. ती त्याच यंत्रात किंवा त्याच्याच पिशवीत ठेवू नये. कागद पाकिटात घालून घराच्या खरेदीखताशेजारी ठेवावा, आणि दुसरी प्रत परगावच्या विश्वासू आप्ताकडे द्यावी. जे लेखन पुन्हा होणे नाही, त्याची प्रत वेगळ्या तबकडीवर दर महिन्याला काढावी. परवलीसाठी एखादा बिकट शब्द शोधत बसण्यापेक्षा परस्परांशी संबंध नसलेल्या चार-पाच साध्या शब्दांची मालिका घ्यावी. ती लांब असल्याने परक्याला कठीण आणि चित्ररूप होत असल्याने मालकाला सोपी जाते. ठसा दाखवून यंत्र उघडण्याची सवय असली तरी आठवड्यातून एकदा मूळ अंक हाताने द्यावेत. घराबाहेर न जाणाऱ्या यंत्रावर पहिल्या आणि दुसऱ्या दाराचे कुलूप सहसा लावूच नये. ज्या कुलपाची गरज नाही, त्याची किल्ली हरवण्याची भीतीही नको.

राइट टाउनमधील त्या गृहस्थांचे पुढे काय होईल, हे यावरून सांगता येते. दार चौथे असेल तर मोबाइलवरील एका संकेतांकाने अर्ध्या तासात काम होईल. दार पहिले असेल तर पावती शोधावी लागेल, काही खर्च येईल, पण तबकडीवर कुलूप किंवा सांकेतिक लिपी नसेल तर लेखन बहुधा वाचेल. दार तिसरे असेल, आणि किल्ली ना खात्यात ना कागदावर असेल, तर आठ वर्षांचे लेखन त्याच पेटीत शाबूत राहील आणि तरी ते कोणालाही कधी वाचता येणार नाही.

आणि प्रश्न केवळ विस्मरणाचा नाही. मनुष्य शब्द विसरतो तसा तो शब्द मनात घेऊन एके दिवशी जगाचा निरोपही घेतो, आणि मुलांच्या हाती कुलूपबंद पेटी राहते. पूर्वी दप्तरे वाळवीने खाल्ली, पुराने नेली. तरी जी उरली ती कोणालाही उघडून वाचता आली. आजच्या दप्तराला वाळवी लागत नाही. मात्र त्याची किल्ली कोठे आहे हे घरातील आणखी एका माणसाला ठाऊक असले पाहिजे.